हिरवा तांडेल

बुधाजी तांडेलाला वाचता येत नव्हतं आणि थळच्या कोळीवाड्यात ही काही लाजेची गोष्ट नव्हती. वाचणारे तिथे होतेच किती, आणि जे होते त्यांचीही मजल पोस्टकार्डाच्या पलीकडे जात नसे. पण ज्यातलं एक अक्षर कळत नाही असं इंग्रजी पुस्तक ह्या गृहस्थाने चार वर्षं बायकोला वाचून दाखवलं, ही मात्र छातीचीच गोष्ट म्हणायची.

पुस्तक म्हणजे तरी काय, रंगीत चित्रांची पातळशी वही. पानापानावर चौकोन, चौकोनात चित्रं, आणि माणसांच्या तोंडातून फुगे निघावेत तसं त्यांचं बोलणं. हरेश्वराने, बुधाजीच्या एकुलत्या एका मुलाने, ते मुंबईहून आणलं होतं. भाऊच्या धक्क्यावर मासळी उतरवताना एका परदेशी बोटीवरच्या गोऱ्या खलाशाने त्याच्याकडून दोन पापलेटं घेतली आणि बदल्यात हे पुस्तक हातात कोंबलं. हे ऐकल्यावर नीराबाईने पोराला चांगलंच फैलावर घेतलं. "दोन पापलेटं देऊन कागूद आनलास? शिजवून खायाचा हाय काय?" हरेश्वर नुसता हसला. आईला शेजारी बसवून तो एकेक चित्र दाखवत राहिला. त्याच्या अंगठ्याला लागलेलं माशाचं एक खवलं पानाला चिकटलं, ते तसंच राहिलं.

ही त्रेपन्न सालच्या नारळीपौर्णिमेच्या आसपासची गोष्ट. आश्विनात बुधाजीला ताप भरला, म्हणून त्याच्या जागी तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, होऊन पोरगा मचव्यावर चढला. खांदेरी बेटाच्या बाहेर जाळं ओढताना दोर पायात गुंतला, मचव्याने हेलकावा खाल्ला आणि हरेश्वर पाण्यात गेला. बरोबरच्या अंबाजीने तीनदा बुड्या मारल्या. मग भर दुपारी तो तसाच निथळत्या अंगाने बुधाजीच्या दारात येऊन उभा राहिला. दार नीराबाईने उघडलं. बुधाजी आत घोंगडीखाली कण्हत पडला होता. त्याला अंबाजीचा आवाज तेवढा ऐकू आला, बायकोचं तोंड काही दिसलं नाही.

देह सापडला नाही. नीराबाईने अन्नाला हात लावणं सोडलं. चार दिवस शेजारणींनी पेजेची वाटी तोंडाशी धरली, ती तोंड फिरवायची. पाचव्या दिवशी तिने ते पुस्तक शोधून काढलं आणि नवऱ्यापुढे टाकलं. "त्यानं शेवटचं हाती धरलेलं हाय. काय लिवलंय ह्यात?"

आता ह्याला काय कळणार कपाळ. पण बायको चार दिवसांनी पहिल्यांदा बोलली होती. बुधाजीने पान उघडलं. चित्रात एक कोळी जाळं ओढत होता, एवढं कळायला शाळा लागत नाही. पुढच्या चौकोनात त्याने मासे गवतावर पसरले होते, त्याच्या पुढच्यात तेच मासे टुणटुण उड्या मारत परत पाण्यात चालले होते. मग कोळी ते गवत खातो. मग पाण्यात झेप घेतो, आणि बघावं तर गडी हिरवागार, कमरेखाली माशाची शेपटी, छातीवर पिवळी चांदणी, आणि खांद्यावर एक लाल झूल, जी दर्यातसुद्धा भिजत नव्हती.

"बग," बुधाजी म्हणाला. "ह्यो तांडेल हाय. ह्यो दर्यात पडला, पर बुडाला न्हाय. दर्यानं त्याला ठेवून घेतलाय."

नीराबाईने चित्राकडे बघितलं. मग म्हणाली, "मंग?"

"मंग पेज खा, मंग सांगतो."

तिने पेज खाल्ली. त्या दिवसापासून हा नेम पडला. हिरवा तांडेल बुडणाऱ्या बोटी पाठीवर घेतो, लोखंडी देवमाशाशी झुंजतो, त्याच्या पोटात भोक पाडून त्यातली माणसं बाहेर ओढतो. पुस्तकातली चित्रं संपली तेव्हा बुधाजीने पदरची घातली. तांडेल खांदेरीच्या वेताळाला भेटायला आला, त्याने अंबाजीचं फाटलेलं जाळं रातोरात शिवून दिलं, असलं काहीही. थापा मारण्यात आपण एवढे पटाईत असू असं त्याला पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हतं. शेवटच्या पानावरचं चित्र तेवढं त्याला कधी लागलं नाही. एक म्हातारी दारात उभी, दोन्ही हात तोंडावर घेतलेले, आणि तिच्यापुढे एक पाठमोरा माणूस, साध्या कपड्यातला, अंगातून पाणी गळतंय. ना शेपटी, ना चांदणी. "ह्यो कोन?" असं नीराबाईने पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा तो घाईने म्हणाला, "शेजारचा असंल. विस्तव मागाया आलाय." तिने पुन्हा विचारलं नाही, आणि तोही ते पान भराभर मिटून टाकू लागला.

चार वर्षं ह्या गोष्टीवर नीराबाई जगली. पण घरात आणखी एक माणूस होतं.

गोदू, हरेश्वराची बायको. लग्न झालं तेव्हा अठराची होती, आता तेविसाव्यात होती. कोळ्यांच्या पोरी लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या दर्यात सोडतात, दर्याने नवऱ्याला राखावं म्हणून. गोदूनेही सोडल्या होत्या. डाव्या हातात मात्र हिरवा चुडा होता, आणि दर नारळीपौर्णिमेला नीराबाई स्वतः कासाराला बोलावून सुनेचा तो हात भरायची. सवाष्णीचा तो हात बघून आळीतलं कोणी तिच्या दुसऱ्या घराचा विषय काढत नसे.

आळीचा रिवाज असा की दर्यावर गेलेल्या माणसाची तीन नारळीपौर्णिमा वाट बघायची. मग पंचांनी अंगणात येऊन आईला तीनदा विचारायचं, तुझा पोर आहे की गेला? आईने "गेला" म्हटलं की पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा. मग बायको मोकळी. तिला पाट लावता येतो, म्हणजे दुसरं घर करता येतं. आईच्या तोंडून तो शब्द येत नाही तोवर कोणी काही करायचं नाही, मग बारा वर्षं जावोत. मेलेल्याचा निकाल बाकीच्या जगाने नाही, आईने लावायचा. रिवाज बसवणाऱ्याला आईच्या काळजाची जाण होती, सुनेच्या वयाचा हिशेब मात्र त्याने केलेला दिसत नाही.

तिसऱ्या वर्षी पंच येऊन गेले. चौथ्या वर्षी परत आले, आणि ह्या वेळी गोदूचा बाप बाळाजीही आला. नवगावचा शिवदास गोदूला पत्करायला तयार होता. बायको बाळंतपणात गेलेली, माणूस शांत, होड्यांची दुरुस्ती करून पोट भरायचा, दर्यावर जात नव्हता. पण त्याच्याही घरात आई आंधळी आणि चूल थंड. कार्तिकापर्यंत थांबेन म्हणाला होता.

"नीराबाय," पंचांमधल्या पाटलाने विचारलं, "हरेश्वर हाय का गेला?"

"हाय," नीराबाई म्हणाली. आत जाऊन तिने पुस्तक आणलं आणि पंचांपुढे धरलं. "ह्यात लिवलंय. ह्यांना इचारा."

सगळ्यांनी बुधाजीकडे बघितलं. त्या क्षणी धरणी दुभंगली असती तर तो आनंदाने आत गेला असता. त्याने मान खाली घातली. पाटलाने नीराबाईला आणखी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच उत्तर आलं, आणि बाळाजी पोरीकडे न बघता उठून गेला. हसलं मात्र कोणी नाही. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी गोदू वलांडीवर, म्हणजे दोरांच्या मांडवावर, बोंबील अडकवत होती. बुधाजी तिच्याजवळ जाऊन उगाच दोर ताणून बघू लागला.

"मामा," गोदूच म्हणाली, "तुमी सांगता ती गोष्ट मला बी आवडते. आत बसून मी ऐकते रोज."

"ऐकतेस?"

"व्हय. पर मासळीची पाटी घेऊन जाताना मी बी दर्याकडं बघते. चार वरसं बघते. मला तो कंदी दिसला न्हाय." बोंबलांची जोडी तिने तोंडात तोंड अडकवून दोरावर टाकली. "मी काय मागत न्हाय तुमच्याकडं. आत्या जेवतात ते तुमच्या गोष्टीवर, ते मला कळतं. मी ऱ्हाईन."

तिने रडून भांडून मागितलं असतं तर बुधाजीला इतकं लागलं नसतं. "मी ऱ्हाईन" म्हणताना ती हसलीसुद्धा. बायकोला जगवायला आपण दुसऱ्याची पोर पुरून टाकली, हे त्याला त्या दिवशी धडधडीत दिसलं.

मग त्याने विचार केला, की आपण काय सांगतो ते सोडा, पुस्तकात खरोखर काय लिहिलंय? असला हिरवा गडी किती दिवस टिकणार? तोफा आहेत, लोखंडी देवमासा आहे, कुठेतरी मेलाच असेल बिचारा. तसं असलं तर खोटं बोलावं लागणार नाही. जाणत्या माणसाकडून अक्षर वाचून घ्यायचं आणि तेच नीराबाईला सांगायचं. गोष्टीतल्या पोराच्या मरणाची आशा धरून तो दुसऱ्या दिवशी अलिबागला चालत निघाला.

अलिबागेत इस्राएल आळीत आरोन मास्तर राहायचे. हे बेने इस्राएल, म्हणजे इकडचेच यहुदी. चाळीस वर्षं मुलांना इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. मुलगे आधीच इस्राएलला गेले होते आणि आता मास्तरांच्याही ट्रंका भरून ओसरीत लागल्या होत्या. गोदू त्यांच्याकडे मासळी घालायची, त्या ओळखीवर बुधाजी जाऊन उभा राहिला. मास्तरांनी चष्मा चढवला, पुस्तक पुढूनमागून बघितलं आणि ट्रंकेवरच बसले.

"मुंबईच्या पोरांकडे असली पुस्तकं पाहिलीत मी," ते म्हणाले. "पण ह्या गड्याचं नाव काही ऐकलं नव्हतं. अँथेडॉन. ग्रीस म्हणून देश आहे, बुधाजी. त्यांच्या पुराणात एक कोळी आहे. त्याने धरलेले मासे गवतावर ठेवले, ते गवताने जिवंत झाले नि पाण्यात गेले. मग त्यानेही ते गवत खाल्लं आणि तो दर्याचा देव झाला. वादळात सापडलेल्या कोळ्यांना वाचवतो म्हणतात. ह्या चित्रवाल्यांनी त्यालाच लाल झूल घालून लढाईवर धाडलाय."

चित्रं बघून जी तो चार वर्षं थाप म्हणून सांगत होता, ती शब्दन् शब्द छापलेली होती. मास्तर वाचत गेले. लोखंडी देवमासा म्हणजे पाण्याखालून जाणारी शत्रूची बोट निघाली, तेवढाच काय तो फरक.

"आनि शेवटी?" त्याने विचारलं. "मरतो ना तो?"

"मरतो? छे." मास्तरांनी शेवटचं पान उलटलं. म्हातारी दारात, आणि पाठमोरा, पाणी गळणारा माणूस. "हा तोच. घरी आलाय. पुन्हा माणसासारखा झालाय बघा. म्हणतो, 'आई, मला जमिनीवर एका भरतीपुरतं राहता येतं. दर पौर्णिमेला भरतीच्या पाण्याबरोबर येईन, दार उघडं ठेव.' आणि ही आई. आनंद मावत नाही तिच्यात, म्हणून तोंडावर हात घेतलेत."

बुधाजी ते चित्र बघत राहिला. विस्तव मागायला आलेला शेजारी. चार वर्षं आपण हे पान घाईने मिटत होतो, आणि त्या पानावर पोर घरी आला होता. तो एकदम हसला, आणि हसता हसताच त्याला रडू फुटलं.

मास्तरांना काय ते समजलं असावं. थळची ती बातमी त्यांनीही तेव्हा ऐकली होती. "बुधाजी," ते हळू म्हणाले, "ही गोष्ट आहे. तिकडे पोरांसाठी छापतात. दर महिन्याला नवं पुस्तक विकायचं असतं, म्हणून त्याला मारता येत नाही."

बुधाजीने डोळे पुसले. मग सुनेची सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाला, "मास्तर, तो मेला असं तुमच्या अक्षरात लिवून द्या. तुमचं लिवलेलं ती मानंल."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "चाळीस वर्षं मी पोरांना खरं भाषांतर करायला शिकवलं," ते म्हणाले. "आता जाता जाता हे करायला लावू नका. आणि माझ्या कागदाने काय होणार? तिने ऐकलंय ते तुमच्या तोंडून. मारायचा तर तुम्हालाच मारावा लागेल."

परतीला तो किनाऱ्याने चालला. वरसोली सुटल्यावर वाळूत माणूस दिसेना, समोर खांदेरी आणि उंदेरी. बुधाजी थांबला. आजवर तो समजत होता की ही गोष्ट आपण बायकोसाठी सांगतो, आपल्याला ठाऊक आहे की पोर मेला. ते खरं नव्हतं. जाळं ओढताना तो चार वर्षं पाण्यात वाकून बघत होता. हिरवं काही हललं की त्याचा हात थांबायचा. आणि आज एका शिकलेल्या माणसाने छापलेलं वाचून सांगितलं होतं की तो येतो. ओठ आवळून तो उभा राहिला, पण शेवटी हाक सुटलीच, "हरेश्वर." एकदाच. मग तो घराकडे वळला.

नीराबाई अंगणात जवळा निवडत बसली होती. गोदू ओटीवर होती.

"काय बोललं मास्तर?" नीराबाईने विचारलं.

बुधाजी तिच्यासमोर बसला आणि त्याने थेट शेवटचं पान उघडलं. बोट पाठमोऱ्या माणसावर ठेवलं.

"मी सांगत होतो ते चूक हुतं," तो म्हणाला. "ह्यो विस्तव मागाया आलेला न्हाय. ह्यो तांडेलाच्या बोटीवरचा माणूस हाय. ह्यो सांगाया आलाय."

"काय सांगाया?"

"की तो गेला. दर्यानं चार दिस ठेवला, मंग नेला. आनि ही त्याची आय. ती रडते."

नीराबाई चित्रावर वाकली. बुधाजीला वाटलं, आता ही ओरडेल, आता पुस्तक फेकेल. तिने तसं काही केलं नाही. तिने म्हातारीच्या हातांवरून हळूच बोट फिरवलं.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली. "पयल्या दिसापासनं ठावं हुतं. अंबाजी दारात आला तवा मी अशीच उभी हुते. अशेच हात हुते माजे. तुमी घोंगडीत हुतात, तुमी बघितलं न्हाय." तिने बोट पाठमोऱ्या माणसावर नेलं. "तुमी विस्तव म्हनलात, मंग मी पन म्हनलं, विस्तव असंल."

बुधाजीच्या तोंडाशी आलं होतं, की न्हाय ग, ती रडत न्हाय, ती हरखलीय, पोर आलाय तिचा, मास्तरांनी वाचलंय. जन्मात पहिल्यांदा त्याला पुस्तकातलं खरं ठाऊक होतं आणि नेमकं तेच गिळायचं होतं. त्याची नजर ओटीवर गेली. गोदू दाराला टेकून उभी होती, डाव्या हाताचा चुडा उजव्या मुठीत घट्ट धरून. त्याने गिळलं.

"लई दुखलं काय त्याला?" नीराबाईने विचारलं.

"न्हाय," तो म्हणाला. "लिवलंय तसं. झोप लागावी तसा गेला."

तिने जवळ्याचं सूप बाजूला ठेवलं, उठली आणि पाटलाच्या घरापर्यंत एकटी चालत गेली. पाटलाने तीनदा विचारायचीही वाट तिने बघितली नाही. "गेला," ती म्हणाली, आणि तिथेच बसली. चार वर्षांचं रडणं होतं, ते सगळी आळी ऐकत होती.

पळसाच्या पानांचा माणूस किनाऱ्यावर केला. भटजींनी डोक्याच्या जागी नारळ ठेवला. हरेश्वराची टोपी नीराबाईने त्या नारळावर चढवली, आणि छातीवर ते पुस्तक ठेवलं. "त्याचं हाय, त्यालाच जाऊ दे," ती म्हणाली. अग्नी द्यायचा तो बापाने. बुधाजीने वाकून बघितलं तर पुस्तकाचं पान वाऱ्याने उलटलेलं, आणि त्यावर हरेश्वराच्या अंगठ्याचं ते खवलं अजून चिकटलेलं होतं. ते काढून घ्यावंसं त्याला फार वाटलं. पण सगळे बघत होते, आणि मेलेल्याच्या चितेवरून बाप काही काढून घेतो काय? त्याने पेटतं लाकूड टेकवलं. रंगीत कागद आधी पेटला, पळसाची पानं त्याच्यामागून. गोदूने एका दगडावर डावा हात आपटून चुडा फोडला आणि नीराबाईने तिला कुशीत घेतलं.

कार्तिक संपायच्या आत शिवदासाशी गोदूचा पाट लागला. नवीन बांगड्या भरल्यावर बायकांनी विचारलं, उजव्या हातातल्या दर्यात सोडायच्या का. गोदू म्हणाली, "एकदा दिल्यात. तेवढ्या पुरं." वर्षभरात तिला मुलगी झाली. नवगावहून ती अधूनमधून लेकीला घेऊन येते, नीराबाई त्या पोरीला मांडीवर घेऊन गाणी म्हणते. नीराबाईला आता दोन वेळ भूक लागते आणि झोपही येते. पुस्तकाचं नाव ती काढत नाही.

राहता राहिला बुधाजी. पौर्णिमेची भरती आमच्या किनाऱ्याला दुपारी बाराच्या सुमाराला चढते. त्या दिवशी तो मचव्यावर जात नाही. अंग दुखतं म्हणतो, जाळं शिवायचंय म्हणतो, काहीतरी सांगतो. पाणी वलांडीच्या खांबांपर्यंत येईपर्यंत उंबऱ्यात बसून राहतो, आणि उन्हाची झळ आत येते म्हणून नीराबाई दार लोटायला आली की पायाने अडवतो.

"कोनाची वाट बघताव?" एका पौर्णिमेला तिने विचारलं.

"कोनाची न्हाय," बुधाजी म्हणाला. "विस्तव मागाया कोन आलं तर."

नीराबाईने दारावरचा हात काढला, आणि दार तसंच उघडं ठेवून ती आत गेली.